उतरलेल्या सेलवरचा आवाज

घशाच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंची मान रजिस्टरात होती, कान मात्र समोरच्या बाकावर. तिथे एक नवरा-बायको हमरीतुमरीवर आले होते. बायकोचे वडील मधे बसले होते. ऑपरेशनपासून ते गळ्याला यंत्र टेकवूनच बोलत.

"मी दुरुस्त केलं तेव्हा यंत्र टेबलावर चालत होतं की!" नवरा म्हणाला.

"टेबलावर तू भिंतीतली वीज दिलीस. बाबांच्या खिशात भिंत आहे का?"

"तिळाएवढा डायोड जळला होता, तसाच दुसरा लावला."

"दिसायला तसाच. साधा डायोड विजेला वाट सोडायलाच पाऊण व्होल्ट खातो. इथे शॉट्की जातीचा डायोड लागतो, तो पाव व्होल्टात भागवतो. सेल जरा उतरला, की तुझा डायोड बाबांच्या तोंडचा घास पळवतो."

"उगाच काहीतरी! काल पाहुण्यांसमोर छान बोलले. 'जावई माझा हुशार आहे' म्हणाले."

"आणि आवाज गेला."

"वाक्य संपलं होतं."

"ओठ हलत होते त्यांचे! सकाळी मी शॉट्की बसवलाय, आणि सेल मुद्दाम कालचाच ठेवलाय. बाबा, बोला हो."

रजिस्टरावरचं पेन थांबलं. म्हाताऱ्याने यंत्र गळ्याला टेकवलं, आणि घुमणारा आवाज पार दारापर्यंत खणखणीत पोचला.

"जावई माझा हुशार आहे. पण बायकोला विचारायला लाजतो."