धुतलेल्या पाइपांचं पाणी

राजारामपुरीतल्या दवाखान्यात पूर्णिमा तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या अपार्टमेंटची मोटर सांभाळणाऱ्या अक्काताई पुढच्याच बाकावर, तिच्याकडं पाठ करून, झुंबरबाईंशी बोलत होत्या.

“काल जमिनीतल्या पाइपा धुतल्या न्हवं? म्हापालिकेची रिक्षा वरडत गेली की, पयलं पाणी सोडून द्या म्हणून,” झुंबरबाई म्हणाल्या.

“सोडतंय कोण! एवढा जोर परत कधी यायचा? समदं अपार्टमेंटच्या टाकीत घेतलं.”

“अगं, लाल आलं असंल!”

“चहागत. बसतोय की गाळ खाली.”

“म्हणून पोट दाखवायला आलीस व्हय?”

“न्हाय गं, गुडघा. आमच्या घरात इकतच्या जारचं पितात.”

“आई, पाणी...” लेकीनं घरून भरून आणलेली बाटली तोंडाला लावली. पूर्णिमानं ती हिसकावून घेतली.