न कापलेलं गाणं

— नाही, नाही ताई, ते स्वस्तातलं आत ठेवा. माझ्या चपलांकडे बघून काढलंत ना? चपला भिकार आहेत, कबूल. पण खिसा बरा आहे आज. मला ते द्या, खिशात मावणारं, गाणी वाजवायचं, ज्यात गाणं कापत नाहीत ते. असतं ना तसं? नातीने सांगितलंय मला. म्हणते, आजोबा, फोनमधलं गाणं चेपून चेपून बारकं करतात, आणि चेपताना माणसाला जे ऐकूच येत नाही ते कापून टाकतात. मी म्हटलं, मला काय ऐकू येत नाही ते कोणी ठरवलं गं? कोण बसलाय तिथे कात्री घेऊन? माझ्या कानांची चौकशी करायला कोणी घरी आलं होतं का? तुम्हीपण हसताय. हसा, हसा. मोठ्या फायली असतात म्हणे, काही म्हणजे काही न कापलेल्या, पण त्या वाजवायला यंत्रही तसंच लागतं. तेच द्या. आणि जरा लवकर हां, आमची म्हातारी बाहेर बाकावर बसलीय, तिला सांगितलंय की घड्याळाचा सेल घेऊन येतो.

अरे वा, तीन-तीन? हातात घेतो हां — हा काळा फारच पातळ, पत्र्यात काटकसर केलीय. मला कळतं, जन्मभर पत्र्याची पिंपं ठोकलीयत मी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, धाड धाड धाड — हा चंदेरी बरा. डोक्यात घातला तर टेंगूळ येईल. खोक्यावरचं वाचून दाखवू नका, माझं शिक्षण सहीपुरतं, आणि सहीसुद्धा दर वेळी वेगळी येते, बँकेतला माणूस तोंड बघून पैसे देतो. चंदेरीच लावा. आणि गाणं माझं. ही घ्या काडेपेटी — अहो, मागे काय सरकताय, दुकान पेटवत नाही तुमचं! आत कार्ड आहे, नखाएवढं. हरवू नये म्हणून ठेवलंय.

कोण गातंय? आमची म्हातारीच. मोठी गाणारी-बिणारी नाही हो, शिवणयंत्रावर बसली की गुणगुणते, बाह्या लावताना एक, काजं करताना एक. नातीने चोरून भरून घेतलं, पडद्यामागे यंत्र ठेवून — माझंच रक्त, दुसरं काय! परवा सगळ्यांसमोर लावलं फोनवर. लेक रडली. जावई मान डोलवायला लागला — त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण डोलवत होता बिचारा. आणि म्हातारी बघतेय माझ्याकडे. मी म्हटलं, वा, फक्कड! तर म्हणते, कोणतं होतं सांगा. आता आली का पंचाईत! मला ऐकू आलं ते नुसतं मशीन. खडखड, खडखड, पाय चालतोय तिचा. गाणं? नावाला नाही. मी आपलं ठोकून दिलं — तेच गं, तुझं नेहमीचं. उठली आणि आत गेली. लेक म्हणाली, बाबा, आयुष्यभर तिच्याकडे लक्ष दिलं नाहीत, निदान आज तरी द्यायचं. म्हणून आलोय. तिचा आवाज बारीक, सापडला असणार त्या कात्रीत. हो ना? तसंच असणार.

नाही, कानाचं काही नाही. कान म्हणजे — आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. काम सुटलं त्या दिवसापासून मी बहिरा झालो. म्हणजे सोंग हो! ती म्हणायची, नळ गळतोय, बघा जरा. मी? दगड. पडदे काढून द्या. मी? दगड. आणि चहा घेणार का, असं हळूच म्हटलं की मी हजर! ती म्हणायची, कान बरोबर निवडून ऐकतायत तुमचे. काय मजा यायची! शेजारीपाजारी ओरडून बोलायचे, मी मुद्दाम भलतंच उत्तर द्यायचो. मग एक दिवस ती म्हणे मागे उभी राहून चहा विचारत होती, दोनदा, तीनदा, आणि मी वळलोच नाही. तिला वाटलं, रुसलाय. दोन्ही कप तीच प्यायली. वर मलाच म्हणते, सोंग पुरे आता. मी म्हटलं, पुरेच केलंय गं! कोण विश्वास ठेवणार? मी स्वतः ठेवला नसता.

द्या ती बोंडं इकडे. कानात घातली. चालू झालं? झालं वाटतं — अहाहा! ताई, हे बघा, याला म्हणतात यंत्र! काय गोडवा, काय सफाई! शब्द न् शब्द — फोनमध्ये कुठलं हे! मी सांगत होतो ना, कापलं होतं म्हणून. हेच बांधा. काय? बोट कशाला दाखवताय? — ही वायर? — ही लावलीच नव्हती होय?

मग सांगायचं नाही का! सांगितलंत? केव्हा?

लावा आता. हां... हां, मशीन. खडखड. चांगलं येतंय मशीन, तेल घालायला झालंय. अजून मोठं करा. अजून. मशीनच. त्या काळ्यात लावून बघा, पातळ पत्र्यातून बारीक आवाज येईल कदाचित... नाही. मशीन. ताई, तुम्ही चांगल्या आहात, मघापासून तुमचे ओठ हलतायत आणि मी एक शब्द तुम्हाला बोलू देत नाही. मुद्दाम नाही देत. मी बोलत राहिलो की समोरच्याचं ऐकायला लागत नाही. घरीही तेच. सगळ्यांना वाटतं म्हातारा बडबड्या आहे, गमत्या आहे. बरंय ना, बहिऱ्यापेक्षा गमत्या बरा —

मागे काय बघताय माझ्या?

अगं! तू कधी आलीस? सेल... सेल बघत होतो. किती वेळ उभी आहेस? काय? नाही गं, या वेळी सोंग नाही. तुझी शपथ. बरं, माझ्या शपथेला किंमत नाही, या ताईंना विचार, वायर लावली नव्हती आणि मी डोलत होतो जावयासारखा. काय म्हणालीस? परत बोल. अगं, कान सोड! चारचौघांत कान धरतेस म्हाताऱ्या नवऱ्याचा — दुखतोय — तोंड कशाला आणतेस जवळ, लोक बघतायत...

...

आलं.

थांब. थांबू नकोस! हे ते काजांचं ना? नाही, बाह्यांचं. बाह्यांचं! — ओ ताई, राहू दे ते चंदेरी. आणि जरा गप्प बसा हो तुम्ही, किती बोलता!