पाटलाचा उंच वटा

माझ्यासारख्या अडाण्यानं पाटलाला कसा गप केला, ते ऐका. निजामाचं राज होतं. शेजारच्या पाटलानं आमच्या भिंतीला लागून पुरुषभर उंच वटा बांधला. त्यावर बसलं की आमची उघडी न्हाणी सरळ दिसायची. घरातल्या बायकांची आंघोळ बंद पडली.

म्या भांडाया गेलो, तर पाटील म्हणला, "म्या माझ्या जागेत बसतो. नजर कुठं जाती, ते तिलाच इचार!"

बरं म्हणलं. एक दिवस वट्यावर तहसीलदार चहाला आला. म्या लंगोटीवर न्हाणीत बसून खसाखसा पाठ घासाया लागलो.

"ये कौन बेशरम है?" तहसीलदार वरडला.

"हुजूर, म्या माझ्या जागेत बसलोय. नजर कुठं जाती, ते तिलाच इचारा!"

दुसऱ्याच दिवशी पाटलानं वट्याला कुडाचा आडोसा घातला. तरी म्या आठ दिवस तिथंच न्हालो, खातरी करायला.