मीच म्हणालो होतो, ‘दाब गेला’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक आदरणीय शेखरशेठ, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे मुस्तकीमभाई, समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी ताहेराभाभी आणि वर्कशॉपमधल्या माझ्या सगळ्या रंगारी, मेकॅनिक बंधूंनो,

मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीत सुटली. कागद लिहून आणलाय.

शेठ आत्ता हसत म्हणाले, “मुस्तकीमनं बोट देऊन आम्हाला सावध राहायला शिकवलं.” तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याबद्दलच बोलायचंय.

अकरा वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका इमारतीचं काम चालू होतं. रंग फवारायचं एअरलेस मशीन रंग ओढेना. इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे बादलीतला रंग आत घेणारी झडप, तिची गोळी आणि गोळी बसते ती सीट झिजली होती. ती बदलायची तर आधी नळीतला दाब सोडावा लागतो. आपल्याकडे रीत आहे, एकानं गनचा घोडा दाबून बघायचं आणि “दाब गेला” म्हणून ओरडायचं. तोवर दुसऱ्यानं कशालाच हात लावायचा नाही.

मुस्तकीमभाई पाना घेऊन उभे होते. “काय भाऊ, मुहूर्त काढताय का?” म्हणाले. मी घोडा दाबला. काहीच बाहेर आलं नाही. मी ओरडलो, “दाब गेला!”

गेला नव्हता. गनच्या तोंडाचं नोझल तुंबलं होतं. दाब सोडायचा ड्रेनचा कॉक उघडला असता तर लगेच कळलं असतं. का नाही उघडला?

माझ्या शब्दावर त्यांनी झडपेआधी ते नोझल धुण्यासाठी सोडवायला घेतलं. फुस्स असा बारीक आवाज झाला. बोटावर सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. “मुंगी चावली,” म्हणून हसले. मी हळद लावली. रक्तसुद्धा नव्हतं हो! पण दाबानं रंग पार आत शिरला होता. तिसऱ्या दिवशी बोट कापावं लागलं.

शेठनी चौकशी केली तेव्हा हे म्हणाले, “मीच न विचारता हात घातला.” बाहेर आल्यावर मला म्हणाले, “बोट तर गेलंच भाऊ. आता तुमची नोकरी कशाला घालवायची?”

मग ठरलं, बेफिकीर माणूस हेड मेकॅनिक नको. त्यांच्या जागी मला केलं. मी नाही म्हणालो नाही.

तेव्हापासून घरी नळ सोडला आणि पाणी आलं नाही, की मी हात मागे घेतो. जेवताना बोटाला भाताचं शीत चिकटलं तरी पुसत बसतो. सून विचारते, “बाबा, काय झालं?” “शीत चिकटलंय,” म्हणतो.

मुस्तकीमभाई, ‘बसा, बसा’ असा हात करू नका. अकरा वर्षं गप्पच बसलो होतो.

शेठ, रजिस्टरात ती चूक यांच्या नावावर आहे. ते नाव खोडा आणि माझं लिहा. आजच, हे गेटबाहेर पडायच्या आत. आणि ताहेराभाभी, ‘आंधळ्यासारखा हात घातला’ म्हणून तुम्ही यांना किती बोललात! ते आंधळे नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर पोटात घाला. पण त्या दिवसाची माफी सभेनं देऊ नये. ती मी मुस्तकीमभाईंकडे मागतोय, आणि ते नाही म्हणाले तर कुणी त्यांना आग्रह करू नका.