होडीतलं टेबल

रंगाच्या दुकानात शिंपीणबाई मशीनचं तेल घ्यायला थांबल्या होत्या. त्यांच्यापुढे एक बाई आणि तिचा दीर उभे होते. बाईच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता.

“होडीतल्या टेबलाला लावायचंय. पाण्यात टिकेल असं वॉर्निश द्या.”

“अहो वहिनी, दादा गेल्यापासून होडी नुसती पडून आहे. विकायचं ठरलंय ना आपलं?”

“तुमचं ठरलंय, भाऊजी. मी फक्त ऐकून घेतलं.”

“आणि टेबल कशाचं, तर खोक्याच्या फळ्यांचं!”

“फुकट मिळाल्या. पण घासून अशा गुळगुळीत केल्यात, की हात फिरवून बघा. कडेला पट्टीही ठोकलीय. होडी डुलली तरी कप घसरायचा नाही.”

“दमट हवेत फुगतील त्या.”

“म्हणून तर वॉर्निशचे तीन हात देणार. खालूनसुद्धा.”

“अहो, पण होडी चालवणार कोण? तुम्हाला वल्हं तरी धरता येतं का?”

“टेबल तरी कुठे करता येत होतं?”

दुकानदाराने त्यांच्या मागे उभ्या शिंपीणबाईंकडे पाहिलं.

“बाई, तुम्हाला काय हवंय?”

“त्यांचं होऊ द्या आधी,” शिंपीणबाई म्हणाल्या. “मला घाई नाही.”

दिराने काउंटरवरची बिजागरी उचलून उघडमीट करून पाहिली.

“आत जागा कमी आहे, वहिनी. बिजागऱ्यांवर बसवू. काम झालं की खाली पाडायचं.”

“लोखंडी देऊ? स्वस्त पडतील,” दुकानदार म्हणाला.

“छे! खाऱ्या पाण्यात गंजतील,” दीर म्हणाला. “पितळी काढा.”