नर्मदाकाठचं पिठलं

मंडळी, एक सांगा मला. हात राखून खर्च करणारा माणूस कंजूष असतो का? कंजूष वेगळा, काटकसरी वेगळा – पण ओळखायचं कसं? ऐका.

लातूरकडच्या एका गावातून यात्रेची बस निघाली ओंकारेश्वराला. बसमध्ये रंभाजी आणि त्याची बायको कौसाबाई. बाकीच्यांच्या पिशवीत नवे कपडे, आणि कौसाबाईच्या? ज्वारीचं पीठ, बेसन, तिखट, पातेलं, तवा! अहो, बाई देवाला निघाली की सासूपासून वेगळी निघाली?

नर्मदाकाठी धर्मशाळेत मुक्काम पडला, अन् जेवायला सगळे हॉटेलाकडे वळले. रंभाजी म्हणाला, "चल की. बसमध्ये डाळमिलवाले माणिकशेठ आहेत. इथं धर्मशाळेत चूल मांडलीस तर दरिद्री म्हणतील आपल्याला."

"पोट आपलं, जीभ आपली," कौसाबाई म्हणाली. "लोकांच्या तोंडानं जेवायचं का?"

ती बाजारात गेली. बाजार उठत आला होता. भाजीवालीनं वांगी अन् कांद्याची पात स्वस्तात दिली. धर्मशाळेच्या आवारात तिनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. रंभाजी मात्र खांबाआड जाऊन बसला – ओळख द्यायला नको! हसू नका मंडळी, असे इथंही बसलेत.

तेवढ्यात माणिकशेठ म्हाताऱ्या आईला धरून हॉटेलातून परतले. हॉटेलांचं तेलकट अन्न तिला सोसेना, घरून निघाल्यापासून दोन दिवस ती भरल्या ताटावरून उठत होती. पिठल्याचा वास आला आणि म्हातारी थबकली.

"पोरी, भाकरी आहे का गं?"

शेठ ओशाळले. "आई, असं मागू नये."

"मागितलं कुठं?" कौसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "बसा मावशी. तुमचं ताट वाढतेच आहे."

म्हातारी पोटभर जेवली. शेठ बघत राहिले, मग स्वतःच मांडी घालून बसले. "बाई, मलाही वाढाल?"

मग एकेक जण येत गेला. कौसाबाईनं पिठल्यात पाणी वाढवलं, भाकऱ्यांचे चतकोर केले. आणि रंभाजी? खांबाआडून उठला, पाण्याची कळशी घेऊन पंगतीत फिरू लागला, आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "सावकाश होऊ द्या. आमच्या घरच्यांनी केलंय."

तर मंडळी, कंजुषाच्या ताटाजवळ कुणी बसत नाही. काटकसरीच्या चुलीपुढं पंगत बसते. आता बाप्यांनो, तुमच्यासाठी. उद्या प्रवासाला निघताना घरची बाई पीठ बांधू लागली, तर कपाळाला आठी घालू नका. ते गाठोडं आपल्या खांद्यावर घ्या – आणि गावातून मान वर करून चाला.