नाकापासून बोटांपर्यंत

– नाही गेली तुझी स्लिंग गाडीत, मीच काढून ठेवली, आणि तोंड पाडू नकोस, सूनबाई. आधी तो माझा मुलगा आहे, मग तुझा नवरा. शाळेच्या छपरावर झुकलेलं झाड उतरवतायत आज. खोडाला स्लिंग, म्हणजे आपला डोळ्याचा दोर, स्लिंगला कप्पी, कप्पीतून दोर, आणि दोराला लोंबणारं दोन बैलांच्या वजनाचं लाकूड. आता स्लिंग सुटली तर काय होईल? सांग. तू कसली सांगतेस, मीच सांगते – दोर धरून खाली उभा असतो तुझा दीर, त्याच्या डोक्यात बसेल ते, आणि डोकं त्याला आधीच बेताचं. म्हणून गाडीत माझ्याच चार गेल्या. माझ्या स्लिंगला आजवर कुणी बोट लावलं नाही. हां, परवा तुझा नवरा म्हणाला, आई, तुझ्या स्लिंगा हल्ली आखूड येतायत, खोडाला पुरत नाहीत. म्हटलं, झाडं सुटली असतील, तुझ्यासारखी, लग्न झाल्यापासून.

बस तिथे. नाही, दोरावर नाही, स्टुलावर. दोर निवडायचा कुणी हे आधी कळू दे. दुकानदाराने नाही, आणि तुझ्या नवऱ्याने तर नाहीच – मागे एकदा चकचकीत दोर घेऊन आला, पोलादापेक्षा मजबूत म्हणे, पिसासारखा हलका म्हणे. हातात घेतला तर सुळकन निसटला. घासून तापला की मेणासारखा मऊ पडणार. म्हटलं, परत नेऊन दे, आणि तूही तिथेच राहा. नायलॉन? नायलॉन म्हणजे तुझी थोरली नणंद – जरा भार आला की ताणते, आणि भार सुटला की झटका दुसऱ्याला. आपला साधा पॉलिएस्टर बरा, बारा पेडांचा, आतून पोकळ. पोकळ का म्हणजे? डोळा करायला. गाठी मारणारे आहेत, नाहीत कुठे – गाठीत दोराची निम्मी ताकद जाते, उरलेली त्यांच्या बढायांत. आपण टोक वळवायचं, डोळ्यापुरता फास सोडायचा, आणि सळईने शेपूट दोराच्या पोटात सरकवायचं. भार आला की दोर आपोआप शेपटाला आवळतो. टाके वरून घालायचे ते फक्त रिकामा असताना सरकू नये म्हणून. भार टाके घेत नाहीत, आतलं शेपूट घेतं. आखूड राहिलं की सरळ बाहेर, मग बसा टाके मोजत.

आणि आत घालायचं किती? ते तू टेपने मोजलंस, बघितलं मी दारातून. शिंपिणीची लेक, माहेरून येताना दागिने विसरलीस एक वेळ, गळ्यातली टेप नाही विसरलीस. मी टेप लावत नाही. माझ्या सासूने शिकवलंय – दोर नाकाला लावायचा, हात बाजूला ताणायचा, बोटांच्या टोकाशी खूण. हे माप हरवत नाही, कुणाला उसनं द्यावं लागत नाही. असं – थांब – हा खांदा धरलाय जरा, थंडीपासून. वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, वेणी तूच घालतेस, ते सगळं वेगळं – माप म्हणजे माप.

दे ती कात्री इकडे. तोंडाने सांगून तुला कळायचं नाही, दोन्ही उघडूनच दाखवते. ही तुझी, पिवळ्या दोऱ्याची. ही माझी, लाल दोऱ्याची, कपाटात उरलेली. आधी तुझी – हं. निमुळतं केलंयस टोक, एकेक पेड कमी करत. ठीक आहे. उंदराच्या शेपटीसारखं झालंय, पण ठीक आहे. आता माझी बघ, नीट बघ, पुढे ये. टाके उसवले. आता शेपूट ओढते – बघ, येतंय – अजून येतंय – संपत नाही, बघितलंस, याला म्हणतात –

हा निळा खडू कसला?

मी कोळशाने खूण करते. हा शिंप्याचा खडू आहे. आणि हे नाकाला लावलं तर – धर ते टोक – बोटांच्या पुढे वीतभर लोंबतंय. वीतभर. दोर तोच, नाक तेच. हात कमी झाला होय माझा. म्हणून स्लिंगा आखूड येतायत, वीतभर दोर जास्तीचा आत जातोय. माझी उसवून, शेपूट आणखी आत घालून, वर परत माझ्याच लाल दोऱ्याने –

आणि गाडीतल्या? गाडीतल्या चार? फोन कुठाय, लाव त्याला, तो वर असेल आत्ता, दिराला लाव, म्हणावं लाकूड धरू नका, लाल दोऱ्याची एकही – काय? मान नीट हलव, बाई, हो का नाही ते कळू दे. चारही? चारही तूच केल्यास. कधी? मी दुपारी आडवी होते तेव्हा.

बरं.

राहू दे. फोन ठेव खाली. त्याला माहीत आहे? नाही. दिराला? आईला तरी बोलली असशील फोनवर. तिलाही नाही. हं. राहतं म्हणायचं तुझ्या पोटात.

तरी टाके फार जवळजवळ घालतेस. झबल्याचा गळा नाही हा. आणि निळा खडू पांढऱ्या दोरावर उठून दिसतो, एवढंही कळू नये? बघत काय उभी आहेस? दोन उसवल्या, दोन करायच्या. नाही, तू नाही, मी करते. जा. कुकर, कपडे, काय असेल ते बघ तुझं. दार ओढून घे जाताना.

टेप राहू दे इथे.